सतरा नंबरचं जेवण

बाई यायला वीस मिनिटं उरली होती आणि काय बोलायचं ते खानावळवालीने अजून ठरवलं नव्हतं.

खानावळवाली हे तिला प्रयोगशाळेत पडलेलं नाव. काचेच्या बशांमध्ये, चिपवर, माणसाच्या मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांना संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका पकडायला शिकवायचं, असं तिथलं काम. शिकवणारे वेगळे, मोठ्या पदव्यांचे. दर दोन दिवसांनी बशीतलं जुनं पाणी काढून नवं गुलाबी पाणी भरायचं, एवढंच हिच्याकडे. तेच पेशींचं जेवण. पाळी चुकली तर पेशी उपाशी मरतात.

सतरा नंबरची बशी बाईंच्या मुलीची. मुलगी आजारपणात गेली, एकोणिसाव्या वर्षी. जाण्याआधी तिने दंडाच्या कातडीचा एवढासा तुकडा देऊन ठेवला होता, त्यापासून या पेशी तयार केल्या होत्या. "माझं कॉलेज तर बुडालं, ह्यांना तरी शिकू दे," असं ती सही करताना म्हणाली होती म्हणे.

बाई कपडे शिवायच्या कारखान्यात होत्या. सोमवारी सुट्टी, म्हणून सोमवारी यायच्या. पेशींमधली वीज स्पीकरला जोडली की बारीक टकटक ऐकू येई. ह्यांना काही आठवत नाही, तुमचं बोलणं ऐकूही येत नाही, हे खानावळवालीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाई म्हणाल्या, "कळलं. पण जिवंत आहेत ना?" ती हो म्हणाली.

मग त्या स्टुलावर बसून लेकीला कारखान्यातल्या गमती सांगायच्या. चाळीस मशिनी एकदम चालू असल्या तरी आपली कुठली, शेजारणीची कुठली, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. त्याचा त्यांना भारी अभिमान. एकदा खानावळवालीने त्यांना खालच्या फळीवरची एक बशी ऐकवली. नव्या माणसाने आधी स्वतःच्याच पेशींवर हात बसवायचा अशी तिथली पद्धत होती, आणि ती बशी तिची स्वतःची होती. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि हसल्या.

"ताई, तुमचं मशीन फार घाईचं. सारखा दोरा तोडतंय."

पुढे एका शनिवारी खानावळवालीला सणसणून ताप भरला. सतराची पाळी त्याच दिवशी होती; बाकीच्या बशांची आदल्या दिवशी झाली होती. कुणाला तरी फोन करू, करू म्हणता ती झोपली, ती उठली रविवारी संध्याकाळी. खोलीत एकटं राहणाऱ्या माणसाला उठवणार कोण? सोमवारी सकाळी तिने सतरा नंबर स्पीकरला जोडला. काहीही वाजेना. सतरा गेली होती.

दाराबाहेर बाईंची चाहूल लागली. तिने सतराचं लेबल सोलून काढलं आणि स्वतःच्या बशीला चिकटवलं. विचार करून केलं नाही, पण केलं तिनेच.

त्या दिवशी बाई जरा वेळ ऐकत बसल्या, मग तोंड धुऊन येते म्हणाल्या. नळ बराच वेळ वाहत होता. परत आल्या तेव्हा डोळे लाल. साबण गेला, म्हणाल्या. बशीसमोर बसल्या, खानावळवालीच्या खोकल्याची उबळ थांबेपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "काय गं, जेवलीस का?"

तिथून पुढे दर सोमवारी तेच. जेवलीस का, झोप लागते का, एवढा घोर लावून घेऊ नये. येताना डबाही आणायला लागल्या. एकटीला जास्त होतं म्हणून अर्धा खानावळवालीपुढे सरकवायच्या.

तिच्या घशाखाली घास उतरत नसे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती. जेवलीस का, असं तिला त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारणारं माणूस तीन हातांवर बसलेलं, आणि प्रश्न दुसरीसाठी. बाईंची सगळी माया आपल्या पेशी फुकट लाटतायत, असं तिला वाटे. ती पाठ करून उभी राही आणि रडू दाबी. सहा महिन्यांत तिचे कपडे तिला सैल झाले.

आज प्रयोग संपत होता. संध्याकाळी सगळ्या बशा नष्ट करायच्या होत्या, आणि बाई लेकीचा निरोप घ्यायला येणार होत्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सल्ला दिला होता, झाकली मूठ सव्वा लाखाची, एक दिवस कळ काढ. तिला ते पटलंही होतं. पण ज्या आईने पोटची पोर एकदा पुरती घालवली, तिने निरोपही परक्याच पेशींचा घ्यायचा?

बाई आल्या. डबा टेबलावर ठेवून त्यांनी स्टूल ओढलं. खानावळवालीने स्पीकर लावलाच नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. ताप, झोप, लेबल, सगळं. "तुमची मुलगी माझ्या हातून उपाशी गेली," ती म्हणाली. "ही बशी माझी आहे."

 बाईंनी पदराने डोळे टिपले.

"तिचा निरोप मी त्या सोमवारीच घेतला," त्या म्हणाल्या. "तुमच्या बेसिनपाशी, नळ सोडून."

 मग इतके महिने तुम्ही इथे बसून विचारत कुणाला होतात, एवढं खानावळवालीने कसंबसं विचारलं.

बाईंनी डबा उघडला. आज अर्धा केला नाही, सगळाच तिच्यापुढे ठेवला.

"दोरा तोडणाऱ्या पोरीला," त्या म्हणाल्या. "जेव."