गुरुवारचा श्रोता

"दुसरी बाजू पडेल आहे," कृष्णकांत म्हणाला. "पहिली झकास. पण दुसऱ्या बाजूला तो गिटारवाला एकदा सुरू झाला की थांबायचं नावच घेत नाही. त्यापेक्षा आमच्या साहेबांची मीटिंग बरी."

रागिणी हसली. बुधवारची संध्याकाळ होती आणि टेपवर अल्बमची कॅसेट लागली होती. नवरा पेपरामागे होता, पाय हीटरकडे. रॉक म्युझिकमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण मत द्यायला आधी कळावं लागतं, असं त्याला कधीच वाटलं नाही.

पुण्याहून बदली होऊन चंदीगडला आल्याला सहा वर्षं झाली होती. तो केंद्र सरकारच्या ऑफिसात. तिने इथे धरलेलं काम म्हणजे रेडिओवरची हंगामी निवेदिका. गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा इंग्रजी रॉक. एक अल्बम, त्यातली चार-पाच गाणी आणि मध्ये मध्ये तिचं बोलणं. नोकरी कसली, अर्ध्या तासाची हौसच ती. पण या परक्या शहरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काय ते होतं.

शहरात ते कोण ऐकत असेल, देव जाणे. एक्क्याण्णवचा जानेवारी, पंजाबात दहशतवाद पेटलेला. लोक रेडिओ लावत ते कर्फ्यू कुठे लागला, कुठे किती माणसं गेली, ते ऐकायला. त्यात कुणाला ड्रमची पडलीय? सहा वर्षांत तिला श्रोत्यांची सात पत्रं आली, त्यातली तीन एकाच माणसाची. तरी घरात एक श्रोता आहे, हे तिला पुरायचं. ती परतली की कृष्णकांत दारातच सुरू व्हायचा. या गायकाला सर्दी झाली होती का, त्या गाण्यात उगाच आरडाओरडा होता, हा अल्बम पोरांनी घाईत उरकलाय. तिच्या बोलण्यावरही शेरा असायचाच. "आज भरभर बोललीस." "आज आवाज छान लागला."

लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने बायकोचं बोलणं अर्धा तास मुकाट ऐकून घ्यावं, ही काही लहान गोष्ट नव्हती. तिला ते खरं असायला हवं होतं. मनापासून हवं होतं.

गुरुवारी पाच वाजता तिने शाल पांघरली, कॅसेट पर्समध्ये टाकली आणि दारात थांबली.

"अहो, आज न्यायला याल का? साडेसहाला मिट्ट काळोख असतो. परवा मार्केटमध्ये गोळीबार झालाय."

"मी आलो तर ऐकणार कोण?" तो म्हणाला. "तुझा एकुलता एक श्रोता स्कूटरवर. मग तू बोलणार कुणाशी?" आपल्याच बोलण्यावर तो खूश झाला. "आणि बस दारापर्यंत येते, यार."

"खरंच ऐकता ना?"

"म्हणजे काय! शब्द न् शब्द."

ती जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी बस-अड्ड्याजवळ एक बेवारस टिफिन सापडला आणि बसेस जागच्या जागी थांबल्या. सगळ्यांना खाली उतरवलं. रागिणी धुक्यातून चालत निघाली. तीन सेक्टर चालायचं होतं. रुंद, सरळ रस्ते आणि त्यांवर एकही माणूस नाही. तिला भीती वाटत होती.

चौकातल्या पोलिसांच्या तपासणी नाक्यावर वाळूच्या पोत्यांआडून टॉर्चचा उजेड तिच्या तोंडावर आला.

"बीबीजी, इस वेले कल्ले?" शिपायाने विचारलं. "घरवाला नहीं आया लैण?" या वेळी एकटी कशी, नवरा न्यायला का आला नाही, असं तो विचारत होता.

"वो रेडिओ सुनते हैं," ती म्हणाली.

शिपायाला काही उमगलं नाही. पण तो बंदूक खांद्याला लावून तिच्याबरोबर पुढच्या वळणापर्यंत चालत आला. एका अनोळखी माणसाला हे सुचावं, याचा तिला भयंकर राग आला. तो राग शिपायावरचा नव्हता.

ती घरी पोचली तेव्हा पावणेआठ झाले होते. कृष्णकांतने दार उघडलं.

"बराच उशीर केलास. भात लावायचाय अजून." मग तो नेहमीसारखा खुलला. "पण आजचा कार्यक्रम उत्तम! सुरुवातीला जरा अडखळलीस, नंतर गाडी रुळावर आली. दुसऱ्या बाजूचं ते गिटारचं लांबण मात्र कापायला हवं होतंस. मी कालच म्हटलं होतं."

"सगळा ऐकलात?"

"इथून हललो नाही. आणि शेवटी ते गुड नाइट म्हणालीस ना, ते फार छान. अगदी घरातल्या माणसाला म्हणावं तसं."

रागिणीने शाल खुंटीला अडकवली. स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ धुतले, कुकर गॅसवर चढवला. बाहेर पुन्हा पेपर उघडल्याचा आवाज आला. ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि आवाज जराही न चढवता, माइकसमोर बोलावं तशी बोलली.

"अहो, रेडिओ केंद्राला धमकीचं पत्र आलं आणि त्यांनी माझा कार्यक्रम बंद केला, त्याला आज अकरा गुरुवार झाले. तेव्हापासून दर गुरुवारी मी बागेतल्या बाकावर अर्धा तास बसते आणि परत येते. पहिल्या गुरुवारी हेच सांगायला डोळे पुसत जिना चढून आले होते. तुम्ही दारातच म्हणालात, आज झकास झाला."