किती उरली?

धरणाच्या बोगद्यात जाळी दुरुस्त करायला मेहुणा आणि मी पाण्याखाली उतरायचो. माझी हवा आधी संपायची, दोघांनाही परतावं लागायचं, जेवताना त्याचा टोमणा ठरलेला: “ताई, दाजी श्वास घेत नाहीत, ढोसतात.” म्हणून त्याने खुणेने ‘किती उरली?’ विचारलं की मी दोन बोटं वाढवूनच दाखवायचो. एक बोट म्हणजे पाच मिनिटं. आज दोघांनीही पाच बोटं दाखवली. पाच मिनिटांनी त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा संपली. म्हणजे थापा मारणारा मी एकटाच नव्हतो. बाहेर पडायला दहा मिनिटं. मी माझी जादा नळी त्याच्या तोंडात दिली. दोन श्वास घेऊन त्याने माझा मीटर पाहिला. हवा एकट्यापुरतीच होती. त्याने नळी परत दिली, मला पुढे ढकललं आणि अंगठा-तर्जनी जुळवून ‘मी ठीक आहे’ अशी खूण केली.