भिंगाच्या वीतभर वर

बाबांचा कॅमेरा पोटाशी धरून त्यात वरून बघावं लागायचं, त्यामुळे माझा फोटो काढताना त्यांची मान खाली असायची. मी समोरून त्यांचं वाढतं टक्कल बघून हसायचे. "टकलाकडे काय बघतेस? भिंगात बघ!" ते ओरडायचे. अल्बममधल्या प्रत्येक काळ्यापांढऱ्या फोटोत माझी नजर भिंगाच्या वीतभर वर आहे. बाबांना जाऊन वर्ष झालं. आज कॅमेरा विकत घ्यायला येणाऱ्याने फोनवर विचारलं, "चालतो ना नक्की?" खात्री करायला उरलेला रोल भरला, कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि रिकाम्या खोलीत ठरवून भिंगात बघत उभी राहिले. संध्याकाळी रोल धुऊन झाल्यावर न्हाणीघरात लाल दिव्याखाली फोटोचा कागद द्रावणात हलवताना चेहरा उमटला. फोटो लख्ख आला होता, फक्त मी वीतभर वर बघून हसत होते. बेल वाजली. "चालत नाही हो," मी आतूनच ओरडले.