पाच वाजायला सात मिनिटं

“अण्णा, कशालाच हात लावू नका. आधी मेलमध्ये काय हाय ते वाचून दाखवा.”

राजकन्या फोन घेऊन जिन्यात आली होती. लातूरच्या त्या इमारतीत मजल्यामजल्यावर क्लासच्या पाट्या. खाली एक बॅच नुकतीच सुटली होती, त्या गलक्यात नीट ऐकू यावं म्हणून तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं.

तिकडं देवणीत तिचे वडील, दगडोबा गुरुजी, कॉम्प्युटरपुढं बसले होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शाळा भरवलेला माणूस. पण आज एका मेलनं घाबरले होते. रिटायर झाल्यावर मिळालेली सगळी पुंजी त्यांनी त्या खात्यात ठेवली होती, लेकीच्या डॉक्टरकीसाठी.

“‘आज पाचपर्यंत माहिती न भरल्यास खाते बंद होईल,’ असं लिवलंय. सात मिनिटं राह्यली. नाव, खात्याचा नंबर भरलाय मी. आता मोबाईलवर सहा आकडे आलेत, तेवढे टाकतो.”

“टाकू नका! मेल कुठनं आलाय? पत्ता वाचा.”

“ब्यांकेचं नाव हाय... त्याच्यापुढं कसले तरी आकडे.”

“ब्यांकेच्या पत्त्यात असले आकडे नसतात, अण्णा.”

“पण चिन्ह तर ब्यांकेचंच हाय की गं.”

“चिन्ह कुणीबी चिकटवतंय. जो घाई करायला लावतो, तो चोर समजायचा. आकडे टाकले की आईचं माहेरचं आडनाव विचारतील, आन् मग सगळं संपलं. ब्यांक असलं काही मेलवर मागत न्हाई.”



“आन् खरंच बंद झालं खातं तर?”

“माझ्यावर भरोसा ठेवा. ते पान बंद करा. पासबुकावर ब्यांकेचा नंबर हाय, त्याच्यावर लगेच फोन करा आन् खातं थांबवायला सांगा. दुसऱ्या कुणाचा फोन आला तर उचलूच नका.”

माऊसचा टक् असा आवाज आला.

“केलं बघ बंद.”

राजकन्या भिंतीला टेकली.

“लई हुशार झालीस,” गुरुजी आता हसले. “क्लासात हे बी शिकवतेत का?”

“व्हय,” ती म्हणाली. “ठेवते अण्णा. सर बोलावतेत.”

ओढणीनं तोंड पुसून ती तिसऱ्या मजल्यावर गेली. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना खाली होत्या. आलोक सर दारातच उभे होते.

“कुठं होतीस? देवणीचे एक गुरुजी सहा आकड्यांपाशी येऊन अडकलेत. बँकेतून बोलतेय म्हणून फोन लाव. तुझ्याच भागातले आहेत, तुझी बोली ऐकून विश्वास ठेवतील.”