बाजूच्या सीटचं मत

थोरल्या गाडीला वळसा घालून स्तंभलेखक बाजूच्या सीटवर चढून बसला. कॅमेरा पुसत उभा असलेला छायाचित्रकार बघतच राहिला.

"सर, चालवणार कोण?"

"चालवून झाली. आता नुसतं बसायचंय."

वीस वर्षांपूर्वी बंद केलेली ही दणकट गाडी कंपनीने पुन्हा काढली होती आणि सोबत तिची धाकटी बहीणही आणली होती. सकाळपासून त्याने दोघींना खडीवर, चिखलात, ओढ्यात घालून पुरतं पिदडलं होतं. थोरली अंगापिंडाने भरलेली, खड्ड्यांना भीक न घालणारी. धाकटी चुणचुणीत, कुठूनही वाट काढणारी. मागच्या सीटवर मात्र पिशव्याच बसतील. एवढं त्याचं त्याला लिहिता येत होतं. पण त्याच्या सदरात शेवटचा परिच्छेद असे बाजूच्या सीटचा, आणि तो सांगायची बायको. वाचकांचा सगळा जीव त्याच परिच्छेदात.

ती लेकीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता चौदावा महिना लागला होता. कधी येतेस, हे विचारायची त्याची छाती होत नव्हती. येत नाही म्हणाली तर? म्हणून त्याने मनाशी एक ठरवलं होतं. दोघींतली एक विकत घ्यायचीच आहे, कुठली ते तिला विचारायचं. 'थोरली घ्या' म्हणाली, तर ती येणार.

त्याने फोन लावला.

"बाजूच्या सीटवर बसलोय."

"तुम्ही? अगंबाई! मग चालवतंय कोण?"

"कुणी नाही. उभी आहे गाडी."

"मग डोंबल कळणार तुम्हाला! चढताना धरायला कडी आहे का? गुडघा कुठे आपटतो? ऊन डोळ्यांवर येतं का?"

तो एकेक बघून सांगत गेला. कडी आहे, चांगली घट्ट आहे. गुडघा आपटत नाही. ऊन येतं, पण झडप खाली ओढता येते.

"इथून रस्ता नीट दिसत नाही गं," तो म्हणाला. "बॉनेट फार उंच आहे."

"मी कधी रस्ता बघितला? माझा डोळा तुमच्या पायावर. ब्रेक दाबताय की नाही!"

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसल्यामुळे त्याला ठसकाच लागला. तेवढ्यात तिकडे बाळ रडायला लागलं, तशी त्याने घाई केली.

"बरं, ऐक. ही थोरली आणि तिची धाकटी, यातली एक घ्यावी म्हणतो. कुठली घेऊ?"

"धाकटी घ्या," ती लगेच म्हणाली. "एकट्या माणसाला एवढं मोठं धूड कशाला? ठेवते हं, उठलंय हे."

फोन बंद झाला तरी तो तसाच बसून राहिला. भाजीला कुठली पिशवी न्यावी हे सांगावं, इतक्या सहज ती बोलली होती. रागावून बोलली असती, तर भांडता तरी आलं असतं.

छायाचित्रकाराने काचेवर टकटक केली.

"सर, जरा उतरता का? आतला फोटो राहिलाय. ही सीट रिकामी हवी."

"घे की," तो जागचा न हलता म्हणाला. "रिकामीच आहे."