कडेवरचं पोर

उन्हाळ्यात पळसदरीच्या धरणाचं पाणी आटलं आणि नामाच्या जाळ्यात देवीची कांस्यमूर्ती आली. सगळं गाव काठावर जमलं. नामाच्या बायकोने, सुंदराने, पदराने देवीच्या तोंडावरचा गाळ पुसला. संग्रहालयाचे साहेब आले. म्हणाले, "शिलाहारांच्या काळातली असावी. हा वाकलेला हात बघा. कडेवर मूल होतं. ते तुटून पाण्यातच राहिलंय." गावाने हळदकुंकू वाहून देवीला टेंपोत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सुंदरा एकटीच गुडघाभर गाळात उतरून हातांनी चाचपत होती.

"वर ये गं," नामा काठावरून म्हणाला. "इतक्या वर्षांनी काय मिळतंय आता?"

"आईला नेली. पोर एकलंच राहिलं ना खाली."

गेल्या पावसाळ्यात त्यांचा विपुल याच पाण्यात बुडाला, तेव्हा चार दिवसांनी आशा सोडून शोधणाऱ्यांना नामानेच माघारी पाठवलं होतं. प्रेत मिळालंच नाही. दर्भाच्या बाहुल्याला अग्नी देऊन त्याने लेकाचं क्रियाकर्म उरकलं. सुंदरा त्यावर कधी अवाक्षर बोलली नव्हती.

नामा गाळात उतरला आणि तिच्याशेजारी वाकून चाचपू लागला. ऊन चढत गेलं. मग त्याच्या बोटांना लहानसं, कठीण असं काहीतरी लागलं. ते वर काढायला त्याचा हात धजेना.

सुंदराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोणाचं हाय वो?" तिने हळूच विचारलं. "तिचं, का आपलं?"