गारपगाऱ्याची सोयरीक

मच्छिंद्रनं चिमटा आभाळाकडे उगारला, तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. शब्दच फुटेना.

मागे अख्खी टेंभुर्णी घोंगड्या पांघरून कुडकुडत उभी होती. निजाम सरकारच्या कागदावर महिना खुर्दाद होता, गावात चैत्र होता आणि थंडी मात्र पौषातली. चार दिवस झिमझिम थांबली नव्हती. ज्वारी खळ्यावर पडलेली आणि वर हा काळाकुट्ट ढग. मच्छिंद्र गावचा गारपगारी. गारा शिवेबाहेर हाकलायच्या, हे त्याच्या घराण्याचं काम.

मंत्र साधाच होता. नाल्यापलीकडच्या गावचा गारपगारी रखमाजी, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि गारा त्याच्यावर सोडायच्या. रखमाजी तिकडून तेच करायचा. वीस वर्षं दोघांनी हे काम इमानानं केलं होतं. दोन्ही गावं दरसाल झोडपून निघत होती.

“हाण की रं शिव्या!” भुजंग पाटील ओरडले.

“कशा हाणू, पाटील? परवाच थोरलीची सुपारी फुटली. रखमाजी व्याही हाय आता.”

“गार पडली तर सोयरीक बिलकुल मोडली समज!”

मच्छिंद्रनं तीन वर्षं जोडे झिजवून हे स्थळ जमवलं होतं. बायको झुंबरबाई तोंडाला पदर लावून त्याच्याकडेच बघत होती. त्यानं सगळा जीव गोळा करून नाल्यापलीकडे आपलं गाव घेऊन उभ्या रखमाजीला हाक मारली. वीस वर्षांची सवय, पण तोंडातून भलतंच आलं.

“व्याहीबुवा, रामराम! गारा आमच्याकडंच येऊ द्या. तुम्ही तरास घेऊ नगा!”

“छ्या छ्या!” पलीकडून रखमाजी हात जोडून ओरडला. “पोरीच्या बापाला आधीच खर्चा. जल्दी इकडं लावून द्या!”

“आसं कसं? आधी आमचा मान!”

“न्हाई न्हाई, आमचा!”

दोन्ही गावांनी कपाळावर हात मारले. व्याह्यांचा आग्रह घसे बसेपर्यंत चालला. ढग बिचारा नाल्यावर ताटकळला. कुणीच हाकलेना, मग कंटाळून पातळ झाला, चार थेंब टाकून विरला. वीस वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही शिवारांत एक गार पडली नाही.

पाटलांनी मच्छिंद्रला जवळ बोलावलं.

“मच्छिंद्रा, आजून पोरी किती हायत तुला?”

“दोन, पाटील.”

चारी शिवांपलीकडे एकेक गारपगारी होताच; पाटलांनी बोटांवर पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर मोजल्या. मग खऱ्याखुऱ्या काळजीनं वळून म्हणाले,

“झुंबरबाई, मंग एक शिव उघडीच राह्यली की!”